मत नको, भूमिका मात्र हवी

‘लैंगिकतेविषयीच्या एखाद्या संशोधनाचे प्रसारमाध्यमांतील वार्तांकन निवडून त्याचे चिकित्सक मूल्यमापन करा. संशोधनाची वैधता विचारात घ्या. माध्यमांच्या जबाबदारीची चर्चा करा. वैयक्तिक मते टाळावीत. मात्र स्वतःची भूमिका स्पष्ट करावी. शब्दमर्यादा १५००.’

प्रश्न जसाच्या तसा उतरवलाय, नाहीतर मी तिखटमीठ लावून सांगतेय असं वाटायचं. पत्रकारितेच्या एमएचं दुसरं सत्र, ‘माध्यमं आणि समाज’ हा पेपर आणि अंतर्गत गुणांची ही असाइनमेंट. आमचे वर्ग शनिवार-रविवारचे, त्यामुळे बॅचमध्ये सगळे नोकरदार. एक जण लोकल चॅनेलवर कॅमेरामन, एक बँकेत, काही जण स्पर्धा परीक्षांना रामराम ठोकून आलेले. मी वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. पीडीएफ ग्रुपवर पडली आणि पाठोपाठ मेसेज सुरू झाले: ताई, नक्की करायचंय काय?

खरं तर प्रत्येकाने आपापला अर्थ लावून टाकला होता. कॅमेरामनने ‘लैंगिकता’ आणि ‘माध्यमं’ हे दोनच शब्द उचलले आणि हिंदी सिनेमातल्या समलैंगिक पात्रांवर लिहायचं ठरवलं. बँकेतल्या मुलीने कलम ३७७चा निकाल घेतला, ६ सप्टेंबर २०१८चा. त्या आठवड्याची कात्रणंसुद्धा वाचनालयात बसून काढली. दोन्ही विषय चांगले, पण यात संशोधन कुठाय? कोर्टाने दिलेला निकाल आणि कुणीतरी मोजमाप करून काढलेला निष्कर्ष, या दोन गोष्टींची बातमी वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडते. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘ताई, कात्रणं वाया जाणार माझी.’ गेली बिचारीची.

कोल्हापूरच्या मैत्रिणीने मात्र कमाल केली. तिने र. धों. कर्वे घेतले. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जुलै १९२७मध्ये निघालं आणि १९५३मध्ये कर्वे जाईपर्यंत चाललं. परदेशात संततिनियमनावर आणि कामजीवनावर जे काही लिहिलं जात होतं ते मराठी वाचकांपर्यंत आणायचं, त्यातलं पटलं नाही त्यावर सडकून टीका करायची आणि वर अश्लीलतेचे खटलेही अंगावर घ्यायचे, हे सगळं एकटा माणूस करत होता. १९३४च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. ‘म्हणजे वार्ताहर, संपादक आणि चिकित्सक तिन्ही एकच,’ असं तिचं म्हणणं. प्रश्नात ‘अलीकडचे’ असा शब्द कुठेही नाही, हेही तिनेच हेरलं. आम्ही सगळे उगाचच ताजी बातमी शोधत बसलो होतो.

सरांना विचारलं. ‘प्रश्नातच उत्तर आहे, नीट वाचा,’ आणि खाली हात जोडल्याचं चित्र. हे वाक्य यांना कुठल्या रिफ्रेशर कोर्सला शिकवतात कोण जाणे.

पण नीट वाचलं, तेव्हा लक्षात आलं की पीडीएफला दुसरं पान आहे आणि ते कुणीच उघडलेलं नाही. त्यावर गुणांची विभागणी होती. स्रोतांची निवड १०, मूळ संशोधन आणि वार्तांकन यांची तुलना २०, माध्यमनीती १०, मांडणी आणि संदर्भ १०. झालं! मसुदा लिहिताना शिक्षक भारदस्त शब्द वापरतात, गुण वाटताना मात्र खरं बोलतात. पन्नासातले वीस गुण तुलनेला. ‘संशोधनाची वैधता’ या भल्यामोठ्या गोष्टीला स्वतंत्र गुणच नाहीत. म्हणजे समलैंगिकता जन्मजात असते की नसते, तो अभ्यास बरोबर की चूक, यावर निवाडा देण्याचं काम आपलं नाहीच. अभ्यासाच्या मर्यादा काय आहेत ते समजून घ्यायचं आणि त्या मर्यादा बातमीत आल्या की वाटेत कुठे गळाल्या, ते दाखवायचं. वैधता ‘विचारात घ्या’ म्हटलंय, ‘सिद्ध करा’ म्हटलेलं नाही.

हे ग्रुपवर टाकलं, तर स्पर्धा परीक्षावाल्याने लगेच विचारलं, मग चूक शेवटी कुणाची दाखवायची, शास्त्रज्ञाची की पत्रकाराची? प्रश्न रास्त आहे. ‘मीडियाने विपर्यास केला’ हे आपल्याकडे इतकं बोललं जातं की तेच उत्तर धरून चालायची सवय लागलीय. २०१४मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कार्डिफ विद्यापीठाच्या लोकांनी एक अभ्यास छापला. त्यांनी ब्रिटनमधल्या २० नामवंत विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं घेतली, २०११ सालची, आणि प्रत्येकासोबत मूळ पेपर आणि नंतर आलेल्या बातम्या ताडून पाहिल्या. ‘अमुक आणि तमुक एकत्र आढळलं’ याचं ‘अमुकमुळे तमुक होतं’ असं करून टाकणं ३३ टक्के प्रसिद्धिपत्रकांतच होतं. म्हणजे वार्ताहराच्या टेबलावर कागद यायच्या आधीच, विद्यापीठाच्या जनसंपर्क खात्यात. जिथे पत्रकात अशी अतिशयोक्ती होती तिथे ८१ टक्के बातम्यांतही ती आली. जिथे नव्हती तिथे १८ टक्के. हे वाचल्यावर मी ‘माध्यमांची जबाबदारी’ हा परिच्छेद दोनदा खोडला. जबाबदारी आहेच, पण तिचे वाटेकरी बातमीदाराच्या आधीपासून रांगेत उभे आहेत.

आता निवड. सुरुवातीला मी २०१९चा ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकातला जनुकांचा अभ्यास घेणार होते. ४ लाख ७७ हजार ५२२ लोकांची जनुकीय माहिती, युके बायोबँक हा ब्रिटनमधला आरोग्य-माहितीचा साठा आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी ही जनुकचाचणी करणारी अमेरिकी कंपनी, या दोन ठिकाणची. जगभर एकच मथळा: ‘गे जीन’ अस्तित्वात नाही. आणि हा ‘गे जीन’ मुळात आला कुठून? १९९३मध्ये ‘सायन्स’मध्येच डीन हॅमर या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाचा पेपर आला होता. समलैंगिक भावांच्या ४० जोड्या, त्यातल्या ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाकडच्या खुणा सारख्या. सापडला होता तो गुणसूत्राचा एक पट्टा, ज्यात कितीतरी जनुकं मावतात. एक विशिष्ट जनुक सापडल्याचं पेपरात नव्हतंच. ते मथळ्यांनी शोधलं, आणि २६ वर्षांनी मथळ्यांनीच ते नसल्याचं जाहीर केलं.

२०१९च्या अभ्यासात खरी गंमत मोजमापाची आहे. विचारलं काय होतं? आपल्याच लिंगाच्या व्यक्तीशी आयुष्यात एकदा तरी शरीरसंबंध आला का. कॉलेजात असताना एकदा आलेला आणि तीस वर्षं समलिंगी जोडीदारासोबत संसार केलेला, दोघं एकाच खान्यात. युके बायोबँकेत नाव नोंदवताना हे लोक ४० ते ६९ वयाचे होते, म्हणजे त्यातल्या ज्येष्ठांच्या तरुणपणी इंग्लंडात पुरुषा-पुरुषांमधला संबंध हा गुन्हाच होता. तो कायदा १९६७मध्ये बदलला. त्या पिढीतल्या कुणी ‘हो’ म्हणायचं आणि कुणी ‘नाही’, यात जनुकं किती आणि धाडस किती? निष्कर्षात जनुकांतली पाच ठिकाणं आली; ती पाचही मिळून माणसा-माणसांतल्या फरकाचा एक टक्कासुद्धा उलगडत नाहीत. सगळे जनुकीय फरक एकत्र धरले तर ८ ते २५ टक्के. हा पंचवीसचा आकडा ‘समलैंगिकतेत जनुकांचा वाटा २५ टक्के’ असा सुटा करून फिरला, जणू एकेका माणसात चार आणे जनुकं आणि बारा आणे परिस्थिती. तो आकडा एकट्या माणसाला लावायचा नसतो, लोकसंख्येतल्या फरकाला लावायचा असतो.

तरीही मी तो सोडला. एक तर संशोधकांनी समलैंगिकांच्या संघटनांशी आधीच बोलून, वेगळं संकेतस्थळ काढून मर्यादा साध्या भाषेत लिहून ठेवल्या होत्या, त्यामुळे मला सापडलेल्या मोठ्या बातम्या बऱ्यापैकी सावध होत्या. दुसरं म्हणजे त्या पेपरातली पद्धत मला स्वतःला पुरती उमजत नाही. मूळ कागद समजत नसताना बातमीने तो बिघडवला असं कोणत्या तोंडाने लिहिणार?

बँकेतल्या मुलीने कात्रणं बाजूला ठेवून २०१७चं स्टॅनफर्डचं प्रकरण घेतलं: संगणक म्हणे चेहऱ्यावरून समलैंगिक ओळखतो, पुरुषांच्या बाबतीत ८१ टक्के अचूक. तिने चांगलं लिहिलं. ८१ टक्के म्हणजे काय, तर दोन फोटो पुढ्यात ठेवायचे, एक समलैंगिक पुरुषाचा, दुसरा नसलेल्याचा, आणि कुठला कुणाचा ते सांगायचं. नुसतं नाणं उडवलं तरी शंभरात ५० वेळा बरोबर येतं. फोटो सगळे अमेरिकेतल्या डेटिंग साइटवरचे, सगळे गोऱ्यांचे, स्वतः निवडून, नटूनथटून टाकलेले. शिवाजीनगर बसस्टँडवरच्या गर्दीतून कुणाला ओळखायचं, हा खेळच वेगळा. बँकवालीला हे चटकन कळलं. रोज कर्जाचे अर्ज बघते ती, नमुना कुठून आला हे आधी विचारायची तिला सवयच आहे.

मला आठवली ती ऑगस्ट २०२२ची बातमी. मथळ्यांचा आशय असा: ११ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत स्त्रियांचे लैंगिक जोडीदार पुरुषांपेक्षा जास्त. आधार राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा, म्हणजे एनएफएचएस-५चा. हे सर्वेक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ज्या संस्थेमार्फत होतं ती आपल्या मुंबईत, देवनारला आहे. यादीत राजस्थान, हरियाणा, मध्य प्रदेश, केरळ, तामिळनाडू वगैरे, महाराष्ट्र नाही. राजस्थानचा आकडा सगळ्यांत गाजला: स्त्रियांची सरासरी ३.१, पुरुषांची १.८. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही ती आली, खाली ‘काय दिवस आलेत’ आणि डोक्याला हात लावलेली चित्रं. एका चुलतदिराने तर ‘शिकवा अजून मुलींना’ असंही लिहिलं. सर्वेक्षण पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सगळ्या बायकांचं, शिकलेल्या आणि न शिकलेल्या. असो.

मी ही बातमी निवडली, कारण या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला मी बसलेली आहे. एनएफएचएसमध्ये नव्हे, पण त्याच धर्तीच्या एका आरोग्य सर्वेक्षणात मी काही वर्षं इन्व्हेस्टिगेटर होते. मराठवाड्यात, टॅब घेऊन, गावोगाव. प्रश्न जवळपास तेच: आयुष्यात आतापर्यंत एकूण किती वेगवेगळ्या व्यक्तींशी शरीरसंबंध आला?

हा भाग सुरू व्हायच्या आधी टॅबवर सूचना येते: आजूबाजूला कुणी आहे का पाहा, पुढे जाण्याआधी एकांत मिळवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करा. ज्याने ही सूचना लिहिली त्याने दोन खणांचं घर पाहिलेलं नसावं. बीड जिल्ह्यातलं एक घर आठवतं. सून उंबऱ्याच्या आत सुपात ज्वारी घेऊन बसलेली, सासू ओसरीवर, मधे पडदासुद्धा नाही. आम्ही जोडीने जायचो. माझी जोडीदारीण सासूला म्हणाली, ‘आजी, चला, तुमचं बीपी बघू, इथं उजेड नाही,’ आणि यंत्र घेऊन अंगणात लिंबाखाली गेली. बीपीचा पट्टा दंडाला बांधला की म्हातारं माणूस जागचं हलत नाही, ही आमची खरी पद्धत. ती कुठल्याच अहवालात छापलेली नाही. तेवढ्या वेळात मी आवाज खाली घेऊन प्रश्न वाचला. तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘एकच की. असं काय इचारता बाई?’ मी १ भरलं. अंगणातून सासूचा आवाज आला, ‘काय इचारतीय गं?’ ‘मुलं किती, ते,’ सुनेने उत्तर दिलं.

तिचं उत्तर खरं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. माझं काम ते ठरवायचं नव्हतं. असंच उत्तर मला घरोघर मिळायचं, त्याच चालीत, बहुतेकदा जरा रागानेच. मधूनच एखादी वेगळी भेटायची. एकीचं पहिलं लग्न मोडलेलं, दुसरं झालेलं, तिने सरळ दोन सांगितलं. या प्रश्नात नवराही मोजला जातो, हे बातमी वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? ‘जोडीदार जास्त’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवऱ्यावर आणखी कुणीतरी येतो. विधवेने पुन्हा संसार मांडला तर तिच्याही नावापुढे दोनच पडतात.

आणि आता सरासरी. आमच्या प्रश्नावलीत आकड्यासाठी दोनच घरं होती. पंच्याण्णव किंवा त्याहून जास्त असेल तर ९५ लिहायचं, आणि ‘माहीत नाही’ला ९८. शंभर बायका घ्या. नव्याण्णव जणींनी ‘एक’ सांगितलं आणि एकीच्या नावापुढे ९५ पडलं, तर सरासरी १.९४. म्हणजे ‘त्या गावातल्या बायकांचे सरासरी दोन जोडीदार’. नव्याण्णव जणींचा एकच आहे हे त्या आकड्यात दिसतच नाही. राजस्थानात नेमकं असंच घडलं असा माझा दावा नाही. पण सरासरी ३.१ आहे म्हणून तिथल्या साधारण बाईचे तीन जोडीदार, हा अर्थ आकड्यातून निघत नाही आणि मथळा वाचून तोच काढला जातो.

शिवाय टाळी एका हाताने वाजत नाही, हे इथे गणित म्हणूनसुद्धा खरं आहे. स्त्री-पुरुष संबंधच मोजायचे, तर प्रत्येक संबंधात एक बाई आणि एक पुरुष. दोघांची संख्या साधारण सारखी असेल तर दोघांची सरासरीही साधारण सारखीच यायला हवी. एकाच राज्यात बायकांची ३.१ आणि पुरुषांची १.८ आली, तर ‘बायका बघा किती पुढे’ म्हणण्याआधी डेस्कवरच्या कुणीतरी विचारायला हवं होतं, की मग उरलेले पुरुष गेले कुठे? राज्याबाहेरचे? वयोगटाबाहेरचे? सर्वेक्षणात न सापडलेले? की सापडलेल्यांनी कमी सांगितलं? नेहमीचा अनुभव उलटा आहे, पुरुष वाढवून सांगतात आणि बायका कमी करून. त्यामुळे हा आकडा चमत्कारिक होता आणि चमत्कारिक आकड्याची आधी चौकशी करतात, मग छापतात. त्यातून एनएफएचएसमध्ये लैंगिक वर्तनाचा भाग सगळ्यांना विचारत नाहीत. ७ लाख २४ हजार स्त्रियांच्या मुलाखती झाल्या, हा भाग मात्र ठरावीक १५ टक्के घरांतच होता. म्हणून बातम्यांत सुमारे १.१ लाख स्त्रिया आणि १ लाख पुरुष. त्यांचे पुन्हा राज्यवार तुकडे पडले, की लडाख किंवा लक्षद्वीपसारख्या ठिकाणी किती हाताशी राहत असतील, ते वेगळं सांगायला नको. तरी त्यांची गणती ‘११’मध्ये आहेच.

देशाचा आकडा काय होता? पुरुषांची सरासरी २.१, स्त्रियांची १.७. म्हणजे देशपातळीवर पुरुषच पुढे. मथळा आला तो अपवादाचा. कुत्रा माणसाला चावला ही बातमी नसते, हे आम्हाला पहिल्या सत्रातच शिकवलंय, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. पण अपवादाचा मथळा करायचा तर मूळ चित्र निदान पहिल्या परिच्छेदात हवं.

तुलनेसाठी मी तीन रकाने आखले. पहिल्यात प्रश्नावलीतलं वाक्य, दुसऱ्यात अहवालातलं, तिसऱ्यात बातमीतलं. सरळ समोरासमोर, मधे माझं मत नाही. हा तक्ता करताना एक गोष्ट दिसली, जी नुसत्या वाचनात निसटली होती. मूळ बातमीतच आणखी एक आकडा होता: नवरा-बायको किंवा सोबत राहणारा जोडीदार सोडून इतर व्यक्तीशी संबंध आलेले पुरुष ४ टक्के, स्त्रिया ०.५ टक्के. म्हणजे विपर्यास म्हणावा तर त्याच बातमीत उतारा दिलेला! मूळ बातमी लिहिणाऱ्याने तो आकडा दिला होता, मथळे करणाऱ्यांनी उचलला नाही, पुढे ढकलणाऱ्यांपर्यंत तर पोचलाच नाही. काही ठिकाणी पोचला तो ‘विवाहबाह्य संबंध’ होऊन. तेही चूकच, कारण लग्न न झालेल्या मुलामुलींचे संबंधही त्यात मोजलेले आहेत.

तक्त्यातली शेवटची ओळ मात्र तिसऱ्या रकान्यात रिकामी राहिली. पहिल्या रकान्यात होतं, हा प्रश्न विचारतातच कशासाठी. एनएफएचएसच्या अहवालात हे सगळे आकडे एचआयव्ही-एड्सच्या प्रकरणात आहेत. कोणाला लागण होण्याचा धोका जास्त, अशा संबंधात निरोध वापरला का, चाचणी केली का, त्यासाठी हा सगळा खटाटोप. त्या बीडच्या सुनेला खजील करून मी तो प्रश्न विचारला तो यासाठी. मी जमवलेल्या मराठी-हिंदी बातम्यांतल्या एकाही मथळ्यात एचआयव्ही हा शब्द सापडला नाही.

आता राहिली ती ‘मत नको, भूमिका हवी’ची भानगड. ग्रुपवर यावरून जुंपली. कॅमेरामन म्हणे, दोन्ही एकच, सरांनी चुकून लिहिलंय. मला तसं वाटत नाही. समलैंगिकता चांगली की वाईट, बायकांनी किती संबंध ठेवावेत, हे झालं मत. सरांना ते पंचवीस जणांकडून वाचायचं नसणार आणि त्यात त्यांची चूक नाही. भूमिका म्हणजे हे वार्तांकन मी कुठे उभी राहून पाहतेय. मी इन्व्हेस्टिगेटर होते, त्यामुळे आकडा दिसला की मला आधी उंबरा आणि ओसरी दिसते. त्यामुळे माझा कल आकड्यावर शंका घेण्याकडे झुकतो आणि सर्वेक्षण करणाऱ्यांच्या बाजूनेही झुकतो. हे वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकलं की पुढचं तो त्या हिशेबाने वाचेल. मी पहिल्याच परिच्छेदात चार ओळींत ते लिहून टाकलं, ‘मला वाटते’ हे शब्द न वापरता.

वही परत आली. तक्त्याशेजारी ‘उत्तम’. भूमिकेच्या परिच्छेदाशेजारी नुसतं प्रश्नचिन्ह, त्याचा अर्थ मी विचारायला गेले नाही. आणि शेवटी लाल शाईत एक ओळ: ‘टीका योग्य. पण मग मथळा काय असायला हवा होता?’

गुणांपेक्षा मला ही ओळ जास्त आवडली, कारण टीका करणं सोपं आणि रात्री अकराला डेस्कवर दोन कॉलमांत मावेल असा मथळा देणं अवघड. मी बसून चार-पाच करून पाहिले. ‘सरासरीतील तफावत संशयास्पद’ असले मथळे सरकारी परिपत्रकावर शोभतात. ‘जोडीदाराबाहेर संबंध: पुरुष ४ टक्के, स्त्रिया अर्धा टक्का’ हा बरा वाटला, पण पुन्हा तीच ओसरी आठवली. हेही आकडे शेवटी कुणीतरी कुणालातरी, कुणी ऐकत नाही ना ते बघून सांगितलेले. मग केला: ‘जोडीदाराबाहेर संबंध आल्याचं सांगतात ४ टक्के पुरुष, अर्धा टक्का स्त्रिया’.

कॅमेरामनला दाखवला. तो म्हणाला, ‘ताई, याला कोण क्लिक करणार?’

म्हटलं, करतील रे. ‘संबंध’ आहे की त्यात.